मागच्या खोलीतली दुसरी शेगडी

सत्तरी उलटल्यावर मी पोळी करायला नव्याने शिकले. हसू नका. आयुष्यभर केली ती आमच्या मळ्यातली पोळी. घडीची, तेलाचं बोट फिरवून पदर काढलेली, चांगली जाडजूड, कामावरच्या माणसाचं दोनात पोट भरेल अशी. आणि आता या वयात मला सुनेसारखी पोळी करायची होती. पातळ, सगळ्या एका मापाच्या, कडेला कुठे जाड नाही. माझ्या मुलाने कंपनीत डबा उघडला की त्याला कळता कामा नये, ही आईने केलीय म्हणून.

का, ते सांगते. पण त्यासाठी घरपट्टीपासून सुरुवात करावी लागेल.

आमचं गाव आता गाव राहिलेलं नाही, नाशिकच्या हद्दीत येऊन जमाना झाला. जिथे आमची शेवंती आणि मेथी व्हायची तिथे आता बिल्डिंगा आहेत, आणि आम्ही उरलेल्या तुकड्यावर घर बांधून राहतो. मी लग्न होऊन आले तेव्हा घरांची आकारणी गावातलीच चार-पाच माणसं करायची. माझे सासरे त्यातले एक. पात्रता काय म्हणाल, तर टोपी पांढरीशुभ्र, आवाज खणखणीत, आणि कुणाच्या घराला मागून दार आहे ते पाठ. पारावर बसायचे, चहा यायचा, आणि ‘याचं धाब्याचं, याचं पत्र्याचं, याचं कौलारू पण गळतं’ असं म्हणता म्हणता गाव संपायचं. टेप कुणी बाहेर काढल्याचं मला आठवत नाही. सासऱ्यांची शाळा किती झाली, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

आणि आता माझी सून त्याच कामासाठी परीक्षा देत होती. करनिर्धारणाची सरकारी जागा. घरं बघायची, वापर ठरवायचा, पट्टी बसवायची. त्यासाठी काय काय लागतं ते तिने मला एकदा भाजी निवडताना सांगितलं. पदवी हवी. कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट हवं. मराठी टायपिंग हवं, तेही वेगात. मग लेखी परीक्षा, त्यात गणित, कायदे, चालू घडामोडी. आणि या सगळ्याच्या वर वयाची अट.

“एवढं सगळं? घरं मोजायला?” मी म्हटलं.

“घरं नाही मोजायची आई, हिशेबात बसवायची.”

“तुझ्या आजेसासऱ्यांना टोपी पुरली होती.”

“मला पण टोपीच चालली असती,” ती म्हणाली, “वयाची अट नसती तर.”

ते वय तिचं संपत आलं होतं. लग्न झालं तेव्हा बारावी होती बिचारी. नामपूरकडची, कांद्याच्या गावातली. मूल झाल्यावर घरी बसून पदवी केली, मग कॉम्प्युटर, मग टायपिंग. दोनदा परीक्षेला बसली, दोनदा थोडक्यात राहिली. आता एकच संधी होती. त्यानंतर ती कितीही हुशार असली तरी तिचा अर्जच कुणी घेणार नव्हतं.

माझा मुलगा वाईट नाही हो. सातपूरला कंपनीत आहे, आज काम आहे उद्याचं माहीत नाही अशी तिथली गत. थकून येतो. त्याने बायकोला अडवलं नाही, पण दुसऱ्यांदा निकाल लागला त्या दिवशी जेवताना म्हणाला, “शेवटचं बस. पण एक सांगतो. माझा डबा आणि पोरीची शाळा चुकली की बंद. मला परत हॉटेलचं खाऊन अॅसिडिटी नको.”

आणि मला म्हणाला, “आई, तू मध्ये पडायचं नाही. तू राबलीस तेवढं बास. या वयात आई चुलीपाशी उभी, लोक काय म्हणतील?”

बोलला मायेनेच. पण बघा, त्याच्या मायेने आम्हा दोघींची दारं एकदम लावून टाकली. तिला अभ्यासाला पहाटेशिवाय वेळ नाही, पहाटे स्वयंपाक. आणि मी धडधाकट असून स्वयंपाकाला हात लावायचा नाही. त्या घरात मी बसून असायचे. टीव्ही बघ, जप कर, ऊन आलं की अंगणात, ऊन गेलं की आत. माझ्या बांगड्यांचासुद्धा आवाज व्हायचा नाही.

सुटका केली ती चातुर्मासाने. मी चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं खात नाही. कांद्याच्या गावची सून आणि कांदा सोडलेली सासू, त्यामुळे तिला रोज दोनदा फोडण्या कराव्या लागायच्या. त्या आषाढात मी मुलाला म्हटलं, “माझं सोवळ्यातलं मी करते. मागच्या खोलीत एक शेगडी ठेवून दे. तेवढी तरी करू दे, देवाचं आहे.” देवाचं म्हटल्यावर तो काय बोलणार? स्वतः जाऊन दोन बर्नरची शेगडी आणि छोटा सिलिंडर घेऊन आला.

मागची खोली म्हणजे पूर्वी आमच्या फुलांच्या करंड्या ठेवायची जागा. आमचे मालक, म्हणजे मुलाचे वडील, वारल्यावर मीच ती मागून घेतली. न्हाणीघर जवळ, पायरी चढायला नको. माझं दार आणि स्वयंपाकघराची खिडकी समोरासमोर, मध्ये हातभर बोळ. हे ध्यानात ठेवा.

आठ दिवस मी माझ्यापुरतंच केलं. मग एका पहाटे खिडकीतून बघते तर सून ओट्यावर पुस्तक उघडून उभी, एका हाताने कणीक मळतेय, आणि डोळे मिटलेले. उभ्या उभ्या झोपली होती. मी बोळातून हात घालून परात ओढून घेतली. ती दचकली.

“आई, हे बघतील.”

“तू पुस्तक बघ. ते मी बघते.”

तिथून सुरू झालं. पहाटे स्वयंपाकघरातला दिवा ती लावायची. पोळ्या, भाजी, पोरीचा डबा, सगळं माझ्या शेगडीवर. कुकरची शिट्टी माझ्या खोलीत व्हायची, आणि आमचा मुलगा अंथरुणात पडून समजायचा की बायको कामाला लागली. सून ओट्यावर कीबोर्ड घेऊन बसायची, खाली टॉवेलची घडी, म्हणजे टकटक जाऊ नये. तो उठायच्या आत डबे खिडकीतून आत जायचे आणि ती हाताला थोडं पीठ लावून घ्यायची. हो, पीठ लावायची! मला त्याचं इतकं हसू यायचं.

अडचण फक्त पोळीची. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी नात बापासमोर म्हणाली, “मम्मी, आज तुझी पोळी आजीसारखी का होती?” सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी जपमाळ ओढली. मुलगा म्हणाला, “हो, मला पण वाटलं, जाड झालीत.” दुसऱ्या दिवशी दुपारी मी सुनेला समोर बसवून तिची पोळी शिकले. ती सांगायची, “आई, लाटणं दाबू नका, फिरवा.” पन्नास वर्षं दाबलेलं लाटणं, ते काय लगेच ऐकतंय? पण जमलं. इतकं जमलं की दिवाळीत मुलगा तिला म्हणाला, “तुझ्या पोळ्या हल्ली फार छान होतात.” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “सवय झाली आता.”

कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास सुटला, मी कांदा खाल्ला. शेगडी काही हलली नाही. मुलाच्या ध्यानात आलं नाही, आम्ही आठवण करून दिली नाही.

माघात, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, घरपट्टीच्या पाहणीचा माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल आणि लाल ठिपका टाकून अंतर मोजायचं ते यंत्र. पोरगेला नव्हता, कानाशी केस पिकलेले. घामाघूम झाला होता. मी पाणी दिलं. मुलगा त्याला घर दाखवत फिरला, हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, आणि मग मागे.

“इथे कोण राहतं?”

“आई.”

“गॅस वेगळा दिसतोय.”

“तो चातुर्मासापुरता,” मुलगा म्हणाला.

त्या माणसाने तव्यावर नुसता तळहात धरला, न टेकवता. “साहेब, तवा गरम आहे.” मग मोबाईलकडे बघत म्हणाला, “स्वयंपाकघर दोन. म्हणजे वापर वेगळा. दुसरं कुटुंब. भाडेकरू टाकावं लागेल.”

“अहो, माझी आई आहे ती!”

“मला कळतंय हो. पण याच्यात दोनच पर्याय आहेत. स्वतःचा वापर नाहीतर भाडेकरू. दोन किचन टाकले की पहिलं उमटतच नाही, हे बघा.” त्याने खरंच मोबाईल दाखवला. बोट दाबत होता, उमटत नव्हतं.

मी विचारलं, “का हो भाऊ, तुमचं शिक्षण काय झालंय? पदवी, टायपिंग, ती परीक्षा?”

“परीक्षा कायमवाल्यांना असते, आजी. आम्ही एजन्सीचे. मी अंबडला कंपनीत सुपरवायझर होतो, ती बंद पडली. इथे दोन दिवस ट्रेनिंग दिलं.”

“मग कशाच्या जोरावर मला भाडेकरू करताय?”

“या मोबाईलच्या,” तो म्हणाला, आणि मला त्याची दयाच आली. चेष्टा करत नव्हता तो. माझ्या दारात उभं करून त्याने माझा फोटो काढला. सून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. ज्या कामासाठी ती वर्षानुवर्षं डोळे फोडत होती, ते काम हा माणूस दोन दिवसांच्या शिकवणीवर आमच्या बोळात करून गेला. तिने खिडकी लावून घेतली.

तो गेल्यावर मुलगा माझ्या खोलीत आला आणि तव्याकडे बघत राहिला.

“चातुर्मास कधी संपला, आई?”

“राहिली शेगडी. चहाला बरी पडते.”

“चहाला तवा लागतो?”

तो खाटेवर बसला. मला वाटलं ओरडेल. तो हळूच म्हणाला, “तुमचं दोघींचं वाजलंय का काही? तू तिच्या हातचं खात नाहीस का?”

त्याच्या मनात ते आलं होतं. मी काय सांगणार? नाही म्हणावं तर शेगडी कशाला, आणि खरं सांगावं तर सुनेचा अभ्यास त्याच दिवशी बंद. मी म्हटलं, “नाही रे, आमचं काही नाही.” त्याला ते मुळीच खरं वाटलं नाही.

मग नोटीस आली. त्यात आमचं घर दोन वापरांचं आणि मागे भाडेकरू. पट्टी वाढत होती, पण त्याला लागलं ते वेगळंच. “गल्लीत कुणी वाचलं तर? आईला मागच्या खोलीत वेगळी चूल मांडून दिली, वर भाडेकरू दाखवली. माझं नाव काय राहील?” त्याने हरकत घेतली. सुनावणीची तारीख मिळाली, परीक्षेच्या थोडी आधीची. त्याने ठरवून टाकलं. कचेरीत सांगायचं, स्वयंपाक एकत्र आहे. आणि परत कुणी बघायला यायच्या आत शेगडी भंगारात.

घर तेच, पण मला भिंती जवळ आल्यासारख्या वाटायच्या. पहाटे सून खिडकीतून म्हणायची, “आई, जाऊ द्या शेगडी. मी अजून लवकर उठेन.” अजून लवकर म्हणजे कधी? ती झोपत होती कुठे? गोरीपान मुलगी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिच्या आईचा गावाहून फोन यायचा, त्यांच्या अहिराणीत, “बेटा, कसं शे तुनं?” आणि ही म्हणायची, “बरं शे.” एवढंच. फोन ठेवला की तशीच उभी राहायची.

आणि मी? माझ्याजवळ होतं काय, सांगा. दोन बर्नर. त्यावर मी कुणाच्या तरी उपयोगाची होते. ती शेगडी गेली की मी परत टीव्हीसमोर, आणि ती परत परातीसमोर. एकमेकींना बघत बसायचं, बस.

सुनावणीला आम्ही तिघंही गेलो. कचेरीत बाकांवर दाटीवाटीने माणसं, पंखा गरगर फिरतोय पण वारा नाही. आमचा नंबर आला. टेबलापलीकडे एक बाई, चष्म्याच्या, माझ्या सुनेपेक्षा थोड्या लहानच असतील. सून त्यांच्याकडे नाही, त्यांच्या खुर्चीकडे बघत होती. मला ते दिसलं.

मुलाने सगळं नीट सांगितलं. आई आहे, भाडेकरू नाही, स्वयंपाक एकत्रच असतो. बाईंनी मोबाईलमधला फोटो स्क्रीनवर काढला. मी दारात, मागे शेगडी, शेगडीवर तवा.

“एकत्र असेल तर तशी नोंद करते,” त्या म्हणाल्या. “पण आमचा माणूस परत येईल. तेव्हा दुसरी शेगडी दिसायला नको. काढणार ना?”

“आजच काढतो,” मुलगा म्हणाला.

“आजी, तुम्ही सांगा. स्वयंपाक एकत्र की वेगळा?”

सोपं होतं. एक शब्द. मुलाने तो रिक्षात मला दोनदा म्हणायला लावला होता. मी तोंड उघडलं आणि सुनेच्या हाताकडे लक्ष गेलं. त्या दिवशी पहाटे ती पीठ लावायला विसरली होती. बोटं कोरडी, स्वच्छ.

“वेगळा,” मी म्हटलं.

“आई!”

“वेगळा आहे बाई. माझी शेगडी माझीच आहे.”

बाईंनी चष्मा वर केला. “मुलाला भाडं देता?”

“देते की. रोज सकाळी त्याचा डबा देते.”

मागे बाकावर कुणीतरी फस्सकन हसलं. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने बायकोकडे पाहिलं. तिची मान खाली. बाई म्हणाल्या, “डब्याला भाडं नाही म्हणत, आजी. पण वापर वेगळा म्हणालात, तर मला ही नोंद काढता येत नाही. फेरपाहणी लावते. तोवर आहे तसंच राहील.”

“राहू द्या,” मी म्हटलं. “शेगडी पण आहे तशीच राहील.”

परत येताना रिक्षात तो मध्ये बसला होता, आम्ही दोघी दोन बाजूंना. सीबीएसच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्याने विचारलं, “कधीपासून?”

“आषाढापासून,” सून म्हणाली.

“दिवाळीत मी म्हटलं, पोळ्या छान होतात—”

“त्या आईंच्याच होत्या.”

तो रागावला होता, आणि त्याला लाज वाटत होती, आणि त्याचं कुठेतरी काहीतरी चुकलं होतं पण नेमकं कुठे ते त्याला सापडत नव्हतं. दोन दिवस घरात भांड्यांचेच आवाज होते. पण आता नोंद तशी झाली होती. शेगडी काढली तर फेरपाहणीत दिसणार, आईने सांगितलेली चूल मुलाने लपवली. त्याला काढता येईना, मला सोडता येईना.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी कणीक मळत होते. समोर खिडकीत सून, कीबोर्डखाली आता टॉवेल नव्हता; टकटक खुशाल चालली होती. बोळात पायरव झाला. मुलगा माझ्या दारात उभा, तोंडही न धुतलेला. शेगडीकडे बघत म्हणाला, “तूच करणार आहेस ना? मग निदान पोळी तरी तुझी दे. ती तिच्यासारखी पातळ नको.”

आणि गेला. माफी नाही, काही नाही.

परीक्षा झाली. पेपर बरे गेले म्हणते, टायपिंगचं अजून व्हायचंय. निकाल लागला नाही. फेरपाहणीचा माणूसही अजून आलेला नाही, त्यामुळे बेल वाजली की मी अजून दचकते, आणि माझ्याच घरात मी अजून भाडेकरू आहे. मुलगा घरात बोलतो, पण पहिल्यासारखा नाही. सून रोज पहाटे दिवा लावते.

तो पोळी मागून गेला त्या पहाटे मी त्याच्यासाठी माझी जुनी पोळी करायला घेतली. तेलाचं बोट फिरवलं, घडी घातली, लाटायला बसले. लाटणं दाबायचं म्हटलं तर ते आपोआप फिरायला लागलं. तव्यावर टाकली, उलटली, आणि बघते तर पातळ, गोल, सुनेसारखी. दुसरी केली, तीही तशीच. मी पोळपाट पुसला, पुन्हा गोळा घेतला. हात ऐकेना. खिडकीतून सून म्हणाली, “आई, यांच्या बसची वेळ झाली.” मी त्याच पोळ्या डब्यात भरल्या आणि बोळातून तिच्या हातात दिल्या.